यूनबाईंची सात वाक्यं

फरशांचं दुकान झालंय आता तिथं. काचेच्या दाराआड संगमरवराचे चौकोनी नमुने ओळीनं उभे केलेत, आणि जिथं माझा पांढरा फळा होता त्या भिंतीवर नळांच्या तोट्या लटकतायत. गाडी चालूच ठेवून मी पार्किंगमध्ये बसले होते. उतरावं की निघावं ते ठरत नव्हतं. विजेच्या तारांवर काळ्या पक्ष्यांची रांग बसली होती. त्यांचा तो गंजलेलं फाटक उघडल्यासारखा आवाज आला. टेक्सासमधलं हे प्लेनो सोडून चार वर्षं झाली होती. हा आवाज मी विसरले होते, आणि आता वाटायला लागलं की तो मधे कधी थांबलाच नव्हता.

खरं तर मी दही आणायला निघाले होते. मिलिंदच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मित्रानं इथं घर घेतलं, त्याच्या वास्तुशांतीसाठी आम्ही रेडमंडहून आलो होतो. घरभर धूप, दारात चपलांचा ढीग, स्वयंपाकघरात मठ्ठ्याची तयारी, आणि दही कमी पडलं. "मी आणते," म्हणून किल्ली उचलणारी मी पहिली. मला गर्दीत फार वेळ बसवत नाही. एकटीलाही बसवत नाही म्हणा. ही खोड मला याच गावात लागली.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात लग्न होऊन मी अमरावतीहून इथं आले. तिकडे ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, ऐंशी पोरांच्या वर्गात आवाज चढवून. इथं माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. मिलिंद सकाळी गाडी घेऊन ऑफिसला गेला की दुसऱ्या मजल्यावरच्या त्या अपार्टमेंटमध्ये मी आणि फ्रिजची घरघर. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते दार, अशी चालून चालून मी कार्पेटवर पायवाट पाडली होती. जिन्यात ड्रायरमधल्या कपड्यांचा गोडसर, गरम वास साचलेला असायचा. तो आला की दुपार झाली असं समजायचं. मग मी बाहेर पडायचे. फुटपाथ मधेच कुठंतरी संपायचा, पुढे नुसतं गवत, त्यावर स्प्रिंकलरचं पाणी. डोक्यावर ओढणी घेऊन एकटी चालणारी बाई पाहून गाड्या जरा हळू व्हायच्या, आणि मी रस्ता चुकलेली नाही हे लक्षात आल्यावर पुन्हा वेग घ्यायच्या.

असंच चालत एकदा वीस मिनिटांवरच्या कोरियन वाणसामानाच्या दुकानात शिरले. आत भाजलेल्या तिळाच्या तेलाचा वास होता, आणि मांडीइतक्या जाड मुळ्यांचा ढीग. मुळा बघून मला रडू येईल असं कधी वाटलं नव्हतं. दाराशी फळ्यावर एक कागद टाचला होता. चर्चच्या हॉलमध्ये बायकांना इंग्रजी शिकवायला कुणी विनामोबदला हवं होतं.

वर्ग चालवणाऱ्या मिसेस हान पास्टरच्या पत्नी. मी भारतातली आहे म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या. त्यांच्या डोक्यात बहुधा एखादा गोरा कॉलेजकुमार होता. मग त्यांनी विचारलं, सोमवार आणि बुधवार, दहा ते बारा, जमेल का. मला सातही दिवस जमलं असतं.

हॉल दुकानांच्या एका लांबट इमारतीच्या टोकाला होता. दारात चपला काढायच्या, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आत पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, त्या उघडताना होणारा खडखडाट, कुठल्यातरी पिशवीतून येणारा आंबवलेल्या कोबीचा, लसणाचा वास, आणि मोठ्या किटलीत भाजलेल्या जवाचं कोमट पाणी, जे त्या चहा म्हणून पीत. मी आत आले की अकरा बायका उठून कमरेत वाकत आणि म्हणत, "सन्सेंगनिम." शाळेत आपण "बाई" म्हणतो तसंच ते. तीन महिन्यांत मला कुणी हाक मारली नव्हती. मिलिंदनं मारली असेल तेवढीच.

त्यांना 'फ' जमायचा नाही. कॉफीची कॉपी व्हायची, आणि मग सगळ्या तोंडावर हात धरून हसायच्या. 'द' कुठं लावायचा हे त्या मला पुन्हापुन्हा विचारत. मीही नियम सांगून घरी गेल्यावर विचार करत बसायचे की आपण तरी नीट लावतो का. वर्ग संपला की टेबलं जोडून डबे उघडत. मी थालीपीठ न्यायचे. त्या त्याचा तुकडा करून त्यावर कोबीचं लाल लोणचं ठेवून मला भरवत. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला गावातला वादळाचा भोंगा तपासून बघत. तो वाजायला लागला की साऱ्या जणी बोलायच्या थांबत. काहींचे चेहरे असे होत की हा भोंगा त्यांनी आधी दुसऱ्या कुठल्यातरी गावी, दुसऱ्या कारणासाठी ऐकला होता हे न सांगता कळे. भोंगा थांबे, आणि कुणीतरी संत्रं सोलायला घेई.

या अकरा जणींत एक होत्या मिसेस यून. मी मनात त्यांना यूनबाई म्हणायचे. साठीला टेकलेल्या, बारीक, बोटांवर सुयांच्या खुणा. पुतण्याचं ड्राय क्लीनिंगचं दुकान शेजारच्याच रांगेत होतं. तिथं त्या दिवसभर पँटी आखूड करत, झिपा बदलत. वर्गात कधी बोलत नसत. नुसतं लिहून घेत.

दोन हजार चारच्या जानेवारीत, एका सोमवारी सगळ्या गेल्यावरही त्या खुर्चीत बसून राहिल्या. मग पर्समधून एक पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. ते एका दत्तक संस्थेचं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी यूनबाईंनी कोरियात जी मुलगी दिली होती ती आता ओक्लाहोमात राहत होती, तिचं नाव बेथ होतं, आणि ती एकदा भेटायला तयार होती. एकदा, असंच लिहिलं होतं.

का दिली, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. समुद्र, थंडी, आणि एका बाईच्या हातात दिलेलं गाठोडं, एवढं फक्त एकदा हातांनी करून दाखवलं. त्यांना दुभाषा नको होता. दुभाषा म्हणजे चर्चमधलं कुणीतरी, आणि चर्चमध्ये हे कुणाला माहीत नव्हतं. पुतण्यालाही नाही. त्यांनी सात बोटं वर केली. सात वाक्यं हवी होती. स्वतःच्या तोंडानं म्हणता येतील अशी.

त्यानंतर दर सोमवारी-बुधवारी सगळ्या गेल्यावर अर्धा तास आम्ही दोघी. पहिले दोन आठवडे नुसतं नावच चाललं. यूनबाई म्हणत, बेस. मी म्हणे, बेथ. मग एकदा मिलिंदच्या ऑफिसमधल्या बाईशी फोनवर बोलताना मला कळलं की माझा 'थ'सुद्धा त्यांचा 'थ' नाहीच. जीभ दातांत धरून नुसती हवा सोडायची असते. पुढच्या वर्गानंतर आम्ही दोघी एकमेकींसमोर जीभ दातांत धरून बसलो आणि हवा सोडत राहिलो. मिसेस हान किटली न्यायला आल्या, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गेल्या.

चौथं वाक्य सगळ्यात अवघड गेलं. त्यांनी स्वतःच लिहून आणलं होतं, "आय थिंक यू एव्हरी डे." मी सवयीनं भूतकाळ केला, थॉट ऑफ यू. त्यांनी ते वहीत उतरवलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"थॉट इज फिनिश?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं, संपलेल्या गोष्टीला असं म्हणतात.

"नॉट फिनिश," त्या म्हणाल्या.

मी खोडलं, आणि त्यांच्याच वाक्यात मधे फक्त एक 'ऑफ' घातला.

घरी आले की मला आणखीच बसवत नसे. अंगात काहीतरी धावत असायचं. भांडी घासताना मी ती सात वाक्यं पुटपुटत असायचे, जणू परीक्षा माझीच आहे. मार्चमध्ये मी ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाले. भेट एप्रिलमधल्या एका शनिवारी ठरली, ओक्लाहोमाच्या हद्दीवरच्या नदीपलीकडच्या पहिल्याच गावात, हायवेलगतच्या पॅनकेकच्या हॉटेलात. यूनबाईंना गाडी येत नव्हती. मी मिलिंदला सांगितलं की मी नेणार आहे.

"हायवेवर तू एकदाही गेलेली नाहीस," तो म्हणाला. "मी ड्राइव्ह करतो ना. बाहेर थांबेन."

मी नको म्हटलं. त्यानं किल्ली उचलली आणि माझ्यासाठी टाकी भरून आणायला निघून गेला.

तो रस्ता मला अजून हातांत आठवतो, कारण स्टिअरिंग मी इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दोन दिवस दुखत होती. दोन्ही बाजूंना निळ्या रानफुलांची पसरण, शेजारून जाणारे ट्रक, त्यांच्या वाऱ्यानं हलणारी आमची छोटी गाडी. यूनबाईंच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. त्यात भाताच्या गुंडाळ्या. त्या ओठांतल्या ओठांत वाक्यं म्हणत होत्या. तांबड्या पाण्याची नदी आली तेव्हा त्या सहाव्यावर होत्या. पूल ओलांडला आणि त्या गप्प झाल्या.

बेथ दहा मिनिटं उशिरा आली. दार उघडून ती आत आली तेव्हा आम्ही तिचा चेहरा पाहण्याआधी तिचं पोट पाहिलं. सहावा महिना असावा. हे पत्रात नव्हतं. उंच, केस मागे घट्ट बांधलेले, अंगात शाळेच्या कुठल्यातरी टीमचा टीशर्ट. आणि कपाळ आणि भुवया हुबेहूब यूनबाईंच्या. ती समोर बसली. मी टेबलाखाली यूनबाईंचा हात दाबला. पहिलं वाक्य होतं, हॅलो, थँक यू फॉर कमिंग.

यूनबाईंनी डबा पुढे सरकवला.

"ईट," त्या म्हणाल्या. "यू ईट."

सातांतलं एकही वाक्य मग त्यांच्या तोंडून आलं नाही.

बेथनं डबा उघडला नाही, पण दूरही केला नाही. तिचं बोलणं भरभर, शब्द चावून, त्या भागातल्या लोकांसारखं. यूनबाईंना त्यातलं काही कळेना, आणि त्या माझ्याकडे बघत. मला कोरियन येत नव्हतं. म्हणून मी इंग्रजीचं इंग्रजी करायला लागले. बेथ म्हणाली की दवाखान्यात दर वेळी फॉर्म भरायला देतात, घरात कुणाला कसला आजार होता, आणि ती दर वेळी प्रत्येक ओळीत 'माहीत नाही' लिहिते. आता बाळाचा प्रश्न आहे, म्हणून ती आली. मी यूनबाईंना म्हटलं, "युवर मदर, फादर. सिक? हार्ट? शुगर?" त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, आईचं हार्ट. मग स्वतःकडे बोट दाखवून, हाय ब्लड. शुगर कुणालाच नाही. बेथ एका कागदावर ओळीनं लिहीत गेली. तिचं पेन चालत होतं तोवर यूनबाईंनी तिच्या हाताकडे इतकं निरखून पाहिलं की मला नजर वळवावी लागली.

कागद घडी करून पर्समध्ये ठेवल्यावर बेथ माझ्याकडे वळली.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "मी आई शोधत नाहीये. मला आई आहे, आणि ती चांगली आहे. त्यांनी कसली आशा धरावी असं मला वाटत नाही."

वाईट बोलली नाही ती. आवाजही चढवला नाही. रात्रभर जागून ठरवलेलं वाक्य असतं तसं ते होतं. तिनंही घोकूनच आणलं असेल. यूनबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. शेजारच्या टेबलावर कुणीतरी पॅनकेकवर पाक ओतत होतं.

मी म्हटलं, "शी इज व्हेरी हॅपी टू मीट यू."

आणि म्हणताक्षणी मला कळलं की मी काय केलंय. त्या टेबलावर तिघींची भाषा एकच होती. मी खोटं बोललेलं बेथला शब्दन् शब्द कळलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. वाटलं, ती आता म्हणेल, मी असं म्हणाले नाही. पण ती ग्लासमधलं पाणी प्यायली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. उठताना डबा उचलून घेतला. यूनबाईंनी उभं राहून, वर्गात मला करतात तसा, कमरेत वाकून तिला नमस्कार केला. बेथला काय करावं कळेना. तिनं हात पुढे केला, अर्ध्यातच मागे घेतला आणि ती गेली.

परतीच्या रस्त्यावर मी तोंडातल्या तोंडात माफी जुळवत होते. कुठल्या शब्दांत सांगू म्हणजे कळेल, आणि कळलं तर काय होईल. नदी आली.

"टीचर," यूनबाई समोर बघत म्हणाल्या. "शी नॉट से हॅपी. शी से, शी हॅव मदर."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. पूल संपताच मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि बंद केली. मी सॉरी म्हटलं, दोनतीनदा म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"गुड मदर," त्या म्हणाल्या. "शी से गुड. आय हिअर." मग बराच वेळ शब्द शोधून, "थर्टी-टू इयर, आय डोन्ट नो. गुड? बॅड? नाऊ आय नो."

पुढे सगळा रस्ता त्या झोपल्या. तोंड किंचित उघडं, रिकामे हात मांडीवर. इतकं गाढ झोपलेलं माणूस मी त्या देशात तोवर पाहिलं नव्हतं. मी मात्र ताशी ऐंशी मैलांनी धावणाऱ्या गर्दीत जागी, आणि तेव्हापासून एका परीनं जागीच आहे.

जूनमध्ये मिलिंदचा प्रोजेक्ट संपला आणि आम्ही रेडमंडला आलो. निघण्याआधी दोनदा मी, भेट ठरवताना मिळालेल्या नंबरवर, बेथला फोन लावला, घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. शेवटच्या वर्गाला बायकांनी नासपतीच्या फोडी केल्या, यूनबाईंनी माझ्या तीन कुर्त्यांच्या बाह्या नीट करून दिल्या, आणि आम्ही त्या शनिवारबद्दल काही बोललो नाही. रेडमंडला पाऊस, बस, ओले मोजे. मग वर्क परमिट आलं, संध्याकाळच्या एका वर्गात मला नोकरी मिळाली. व्हिएतनामी, रशियन, मेक्सिकन, सगळ्यांना मी 'द' शिकवते. पण एखादीनं वर्ग संपल्यावर खुर्ची सोडली नाही की मी पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेते.

मिलिंदचा फोन आला, दही मिळालं का. मी म्हटलं, बघतेय. मग गाडी बंद करून उतरले आणि फरशांच्या दुकानावरून शेजारच्या रांगेत गेले. ड्राय क्लीनिंगचं दुकान होतं. वाफेचा तोच वास, काउंटरमागे पुतण्या, जरा टक्कल पडलेला. मी यूनबाईंचं विचारलं.

"आत्या? ती ओक्लाहोमात असते," तो म्हणाला. "मुलीकडे."

हवेचा अंदाज सांगावा तितक्या सहज. त्यानं एका बिलाच्या मागे नंबर लिहून दिला. मी बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत उभी राहिले आणि या खेपेला घंटी वाजू दिली.

फोन बेथनं उचलला. मी म्हटलं, मी यूनबाईंची इंग्रजीची टीचर.

"त्या दिवशी तुम्ही ते तुमच्या मनचं सांगितलंत," ती म्हणाली.

मी हो म्हटलं.

"मी घरी पोचेपर्यंत तुमच्यावर चिडले होते. मग घरी त्यांचा डबा उघडला, सगळं संपवलं, आणि डबा परत द्यायला म्हणून त्यांना पुन्हा भेटले. थांबा, बोलावते."

तिनं फोन बाजूला धरला आणि मोठ्यानं हाक मारली, "ओम्मा!" आईला कोरियनमध्ये तसं म्हणतात. तिच्या तिकडच्या ठसक्यात तो शब्द दुप्पट लांब झाला होता. कुठंतरी पाणी वाहत होतं, एक लहान मूल जोरजोरात हसत होतं. पायांचा आवाज जवळ आला.

"टीचर!" यूनबाई म्हणाल्या. धाप लागली होती. मी कशी आहे विचारलं, माझं उत्तर संपायच्या आत स्वतः बऱ्या असल्याचं सांगितलं. मला खूप काही बोलायचं होतं. चार वर्षांचं मी मनात जुळवून ठेवलेलं सगळं जिभेशी आलं.

"नाऊ बिझी," त्या म्हणाल्या. "बेबी इन बाथ, सोप इन आय. यू कॉल संडे."

आणि फोन ठेवला.

मी तशीच उन्हात आले. अजून दही घ्यायचं होतं. रविवार उद्याच होता.